खाडाखोड चालणार नाही

आमच्या समोरचे काका नंदेसरीहून निवृत्त झाले, पण त्यांची शिफ्ट अजून सुटलेली नाही. तीस वर्षं ते बडोद्याच्या दांडियाबाजारातून छाणी जकातनाक्यामार्गे कंपनीच्या बसनं नंदेसरीच्या जीआयडीसीत जात होते. एका केमिकल कारखान्यात शिफ्ट इनचार्ज. तिथं दर तासाला रिअॅक्टरचं तापमान, वाफेचा दाब, सांडपाण्याचा पीएच, सगळं लॉगबुकात चढवायचं. तीच सवय ते डब्याबरोबर घरी घेऊन आले.

पूर्वी दिवाळीत पंपवाले, व्हॉल्व्हवाले डायऱ्या द्यायचे. खुर्ची गेली तशा डायऱ्याही थांबल्या. आता काका दोनशेपानी वही आणतात. रकाने मात्र डायरीत आखायचे तसेच पट्टीनं आखतात : वेळ, नोंद, शेरा, लिहिले, तपासले. शेवटचा रकाना रिकामाच असतो. तपासणार कोण?

नमुना पाहा. ‘06:10. चहा. रंग ठीक, साखर प्रमाणापेक्षा कमी. कळवले. 06:12. कळवल्याचा परिणाम नाही. 10:40. मुलीचा पुण्याहून फोन, 7 मिनिटे. आवाज बसलेला. विचारले, “काही नाही” म्हणाली. निरीक्षणाखाली.’

यापलीकडे मनातलं काही लिहायचं नाही. नंदेसरीचं सांडपाणी प्रक्रिया करून 50 किलोमीटरांहून लांब कालव्यानं खंबातच्या आखाताकडे सोडतात. काकांच्या मनातलं सगळं त्या ‘निरीक्षणाखाली’ एवढ्याशा नळीतून जातं. लोक डायरीत मन मोकळं करतात म्हणे. काका आधी मनाचा पीएच पाहतात.

खालचे शहाभाई जिन्यात भेटले की विचारतात, “काका, मेळ बेठो?” त्यांच्या लेखी रोज लिहायची वही म्हणजे रोजमेळ, आणि रोजमेळात पैसे नसतील तर शाई कशाला घालवायची? यावर काका महादेवभाई देसाईंचा दाखला देतात. गांधीजींच्या या चिटणिसांनी 1917 पासून 1942 पर्यंत डायरी ठेवली. “पंचवीस वर्षं,” काका म्हणतात, “माझी एकतीस झाली.” महादेवभाईंच्या डायरीत गांधीजी आहेत आणि यांच्या डायरीत साखर, हा फरक मी एकदा सुचवला होता. त्याचीही नोंद झाली असणार.

कारखान्याचे दोन नियम त्यांनी घरी लागू केले. पहिला, खोडरबर आणि पांढरी शाई वर्ज्य : चूक झाली तर एकच रेघ, खालचं वाचता यायला हवं, बाजूला सही आणि तारीख. वाण्याच्या यादीतसुद्धा ‘तूरडाळ 2 किलो’वर रेघ मारून सही केलेली मी पाहिली आहे. दुसरा नियम, जे लिहिलं नाही ते घडलं नाही. आणि काकांचा सर्वांत मोठा तिरस्कार कशाचा, तर शिफ्ट सुटताना आठ तासांची रीडिंगं एका बैठकीत भरणाऱ्यांचा. “ते लॉगबुक नव्हे, कादंबरी!”

काकूंनी आयुष्यात एक ओळ लिहिलेली नाही. त्यांचं सगळं मुंजी, बाळंतपणं आणि पावसावर लक्षात असतं. मागच्या महिन्यात गच्चीवरच्या टाकीवरून वाद झाला. काकांनी 1998 ची डायरी काढून मला साक्षीला बसवलं. ‘सायं. 5. टाकी बसवली. स्वतः उभा होतो.’

“अहो, कुठले उभे!” काकू म्हणाल्या. “तुमचा रिलीव्हर आला नव्हता. डबल शिफ्ट करून तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी उगवलात. टाकी मी आणि प्लंबरनं चढवली.”

“लिहिलेलं आहे.”

“हिरव्या शाईत लिहिलंय. पुढचं पान वाचा की.”

पुढच्या पानावर पहिलीच नोंद होती : ‘09:15. निळे पेन संपले. हिरवे घेतले.’

काका बराच वेळ दोन्ही पानं आलटूनपालटून बघत राहिले. मग उठून पट्टी आणली, ‘स्वतः उभा होतो’वर एक रेघ ओढली आणि सही केली. तारीख आजची घातली, मागची नाही. डायरी काकूंपुढे सरकवली.

त्या पानावर ‘तपासले’च्या रकान्यात आता काकूंची सही आहे.