कपाळावरचं इंग्रजी

मांडव्याची बोट डोळ्यांदेखत सुटली. मी चरफडत होतो आणि शेजारी उभे असलेले सर माझ्या रागाचं स्पेलिंग तपासत होते. "हा फ्राउन नव्हे. स्काउल! फ्राउन नुसता विचार करतानाही येतो. स्काउलला मनात कुणाचं तरी वाईट चिंतावं लागतं."

असे एक निवृत्त इंग्रजीचे सर तुमच्याही गावात असतीलच. आमचे चौलला असतात. कुठे भांडण लागलं की लोक सोडवायला धावतात, सर बघायला. नजर रोखलेली दिसली की ग्लाउअर, ओठ पुढे आले की पाउट, वरचा ओठ एका बाजूने उचलला की स्नीअर. मी एकदा म्हटलं, आपल्याकडे काय कमी आहे? नाक मुरडतो, डोळे वटारतो, गाल फुगवतो. सर म्हणाले, "तेच तर! मराठी माणसाला रागवायला दोन शब्द लागतात. इंग्रज एकात उरकतो." पण हाच फ्राउन बरेच अमेरिकन लोक कपाळावर न शोधता खाली वळलेल्या ओठांत शोधतात, हे कळलं तेव्हा सरांना दोन दिवस जेवण गेलं नाही. (त्या दोन दिवसांतल्या त्यांच्या चेहऱ्याला काय म्हणायचं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.)

अलिबागच्या बाजारात त्यांनी पापलेटचा भाव निम्म्यावर आणला. मावशीने असं काही पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो. सर मात्र खूश. "ग्लाउअर! अस्सल ग्लाउअर!"

"ग्लावर-बिवर नाय इथं. पापलेट हाय, हलवा हाय. घ्यायचं तर घ्या, नाय तर फुडं व्हा."

अलिबागला १९०४ पासून चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईतल्या विजेच्या ट्रामचा उपद्रव नको म्हणून ती कुलाब्याहून इकडे आणली. पृथ्वीच्या चुंबकत्वात जरा खुट्ट झालं तरी तिथे नोंद होते. सर म्हणजे तिचीच चौल शाखा. फरक एवढाच, की वेधशाळा पृथ्वीला तोंडावर काही सांगत नाही.

परवा शहाळी आणायला त्यांच्या वाडीत गेलो. काकू चार महिने ठाण्याला आहेत, नातवापाशी. ओटीवर सुपारीच्या टोपलीला टेकवून ठेवलेला फोन, आणि त्यात काकू थिजलेल्या. कपाळाला आठ्या, तोंड अर्धवट उघडं.

"रेंज गेली, सर. कापून परत लावा."

"थांब जरा."

मला चेव आला. इतक्या वर्षांचं उट्टं काढायची संधी होती. "स्काउल?"

सरांनी नुसती मान हलवली.

"मग ग्लाउअर?"

"गप रे." बराच वेळ ते फोनकडे बघत राहिले. "'जेवलात का' विचारायच्या आधीचं तोंड आहे ते."

मी शहाळी उचलली. फोन त्यांनी कापला नव्हता.