बेबाकी खिशात, थकबाकी सिबिलवर

फैजपुरात गेल्या मृगाच्या तोंडावर बँकेत पाहिलेलं. शेतकऱ्याने सातबारा पुढे केला, साहेबांनी आधी सिबिल काढलं.

"साहेब, जुनं सगळं भरलंय. ही बघा बेबाकी."

"बेबाकी बरोबर आहे भाऊ, पण सिबिलवर थकीत दिसतंय."

दाखला बँकेचा, नोंदही बँकेचीच. हेलपाटे मात्र शेतकऱ्याला.

केळीच्या मृगबागेची लागवड जून-जुलैत. रोपं, ठिबक, खत, सगळ्याला पैसा एकदमच लागतो. नोंद सुधारेपर्यंत केळीने थांबायचं का?

थांबत नाही. मग सावकार.

सिबिल हे सरकारी खातं नव्हे, २००० साली निघालेली कंपनी आहे. तशा आणखी तीन आहेत. बँक कळवते तेच त्या छापतात. फिटल्याचं बँकेने कळवलंच नाही, तर कागदावर कर्ज जिवंत.

अहवाल हातात आला की लोक ३०० ते ९०० मधला तो एक आकडा बघतात आणि घडी घालतात. चूक आतल्या पानावर असते. तिथे प्रत्येक कर्जाखाली महिन्यामहिन्याचे बारीक चौकोन असतात. ००० म्हणजे हप्ता वेळेवर, ०३० म्हणजे तीस दिवस उशीर. पासबुक शेजारी उघडं ठेवा, बोट ठेवून एकेक महिना वाचा. आपण कधी घेतलीच नाही अशी मोटारसायकलही तिथे सापडू शकते.

कशी? आपल्या यावल-रावेरात एकाच गावात एका नावाचे दोन-तीन जण असतात. आडनाव तेच, कधी वडिलांचं नावही तेच. जन्मतारीख गुरुजींनी सगळ्यांची १ जून लावलेली. त्यात पॅनचं एक अक्षर चुकलं, की एकाचा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या माथी!

मेव्हण्याला जामीन राहिलात आणि त्याने हप्ते थकवले, तर ते तुमच्याकडे दिसणारच. ती चूक नव्हे, सही तुमची आहे.

पण तडजोडीत कर्ज मिटवलं की अहवालात 'सेटल्ड' असा शेरा बसतो आणि पुढचा बँकवाला तो बघून मान हलवतो. सही घेताना हे कोणी सांगितलं होतं?

२०१७ साली दीड लाखापर्यंत, २०१९ साली दोन लाखांपर्यंत कर्जमाफी झाली. माफ झालेल्या खात्यापुढे बँकेने काय लिहिलं, ते किती जणांनी पाहिलं?

पीककर्जाला सिबिल मागू नका, असं मुख्यमंत्र्यांनी मे २०२५ मध्ये बँकांना बजावलं. चांगलंच झालं. घराला, ट्रॅक्टरला, मुलीच्या शिक्षणाला मात्र ते लागतंच.

वर्षातून एकदा पूर्ण अहवाल चारही कंपन्यांकडून फुकट मिळतो. चुकीबद्दल तक्रार करणंही फुकट. मग 'सिबिल क्लिअर करून देतो' म्हणणाऱ्याच्या हातावर पैसे कशाला ठेवायचे? बँकेने होकार दिल्याशिवाय नोंद बदलत नाही, त्याच्या हातात काहीच नसतं.

रिझर्व्ह बँकेचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे: तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे.

तोंडी सांगून घरी येऊ नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि एकतिसाव्या दिवसापासून शंभर-शंभर मोजायला लागा.