पहाटेचं पुण्य आणि रबरी बेडूक

पहाटे चारला उठायचं, अंधारात चप्पल चाचपायची, कुणाची झोप मोडू नये म्हणून इतकं जपून वावरायचं की घरातल्या सगळ्यांची मोडावी, आणि मग तळ्याकाठी उभं राहून पाण्यावर रबरी बेडूक फेकत बसायचं. याला जे लोक मासेमारी म्हणतात त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्यांनी दिलेल्या कारणांशी. इतक्या लवकर का जाता, असं विचारलं की ही मंडळी थेट विज्ञानात शिरतात. उजेडाचा कोन, माशाचा डोळा, पाण्याचं तापमान, एकेक पोतडीतून बाहेर यायला लागतं. त्यातलं बरंचसं खरंही आहे. पण त्या कारणांनी फार तर मासा पहाटे का लागतो हे कळतं. माणूस पहाटे का जातो हे कळत नाही. माणूस पहाटे जातो, कारण सूर्योदयापूर्वी केलेला रिकामटेकडेपणा आपल्याकडे रिकामटेकडेपणात धरत नाहीत.

आधी विज्ञानाचं उरकून घेऊ. माशाच्या डोळ्यात दिवसाच्या आणि रात्रीच्या नजरेच्या पेशी निरनिराळ्या असतात आणि उजेड बदलला की त्या खरोखरच पुढेमागे सरकतात. ही पाळी बदलायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात बारकी मासळी ना धड दिवसाची असते ना धड रात्रीची, आणि शिकारी माशांची चंगळ होते. शिवाय शिकारी मासा खालून वर पाहतो. त्याला पाण्याबाहेरचं जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल झरोक्यातून दिसतं, आणि झुंजूमुंजू उजेडात त्या फिकट आभाळावर तरंगणारी वस्तू त्याच्या लेखी नुसती काळी आकृती असते. बेडकाच्या पाठीवरच्या ज्या हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांसाठी आपण दुकानदाराशी पाऊण तास घासाघीस केली, ते त्या बिचाऱ्याच्या नजरेलाही पडत नाहीत. हे सगळं मान्य. पण यातला शब्दन् शब्द संध्याकाळी पावणेसातलाही लागू पडतो! तोच तिरपा उजेड, तीच पेशींची सरकासरक, तोच झरोका. उलट एका बाबतीत संध्याकाळ सरस ठरते. पाणवनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि रात्री तो स्वतःच वापरतात, त्यामुळे शेवाळलेल्या तळ्यात पहाटेच्या सुमाराला तो सगळ्यात कमी असतो. मत्स्यशेती करणारा शेतकरी पहाटे तळ्यावर जातो तो मासे वर येऊन धापा टाकताहेत का हे बघायला, आणि टाकत असले तर त्या वेळी खाद्य देत नाही. आता हा बेडूक जिच्यासाठी फेकतात ती मरळ हवेतूनही श्वास घेते, तिला या टंचाईचं सोयरसुतक नाही, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण मग मरळीला पहाट काय आणि संध्याकाळ काय, तिची साक्ष कुठल्याच बाजूला जात नाही.

पहाटेच्या वकिलांकडे एक पुरावा मात्र भक्कम आहे आणि तो मी टाळणार नाही. पाण्यावरून ओढायच्या लुअरला, म्हणजे खोट्या आमिषाला, पाणी निवांत लागतं. पॉपर नावाच्या लुअरच्या खोलगट तोंडातून निघणारा ‘बुळुक्’ किंवा बेडकाच्या ढुंगणामागे उमटणारी रेघ लाटांच्या गर्दीत हरवून जाते, आणि पहाटे वारा पडलेला असतो. शिवाय रात्रभर त्या पाण्यात ना म्हशी उतरलेल्या असतात, ना धुणं आपटलेलं असतं, ना काठावरून पोरांनी उड्या टाकलेल्या असतात. इथपर्यंत ठीक. पण एखाद्या कारणाचा खरेपणा जोखायची साधी रीत आहे: कारण नसेल तेव्हा माणूस काय करतो ते पाहावं. वारा हेच कारण असेल, तर ज्या संध्याकाळी झाडाचं पान हलत नाही त्या संध्याकाळी ही मंडळी तळ्यावर दिसायला हवीत. दिसत नाहीत. आणि ज्या पहाटे सोसाट्याचं वारं सुटतं त्या पहाटे ती अंथरुणात हवीत. तीही नसतात! टोपी धरून, दोऱ्याच्या पोटात शिरलेल्या वाऱ्याशी झगडत, बेडूक जिथे टाकायचा त्याच्या दहा फूट डावीकडे टाकत, ती काठावर उभीच असतात.

ज्यांना मासा खरोखरच हवा असतो ती माणसं वेळेकडे कशी पाहतात हे ध्यानात घेतलं की माझा संशय आणखी पक्का होतो. रायगडच्या खाडीत जिताडा धरणारा माणूस घड्याळ बघत नाही, तिथी बघतो. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीच्या आसपासचा भांग, आणि भरती दर दिवशी साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकणार हा हिशेब त्याला बोटं न मोजता येतो. कांदळवनातून पाणी ओसरायला लागलं की मुळांत लपलेली कोळंबी आणि बारीक मासळी नाइलाजाने बाहेर पडते आणि जिताडा वाटेवर टपून असतो. ही वेळ भर दुपारी बाराला आली तर माणूस डोक्याला पंचा गुंडाळून बाराला जातो. मालवणकडे गरवायला जाणाराही आधी पाण्याला विचारतो. भंडारा-गोंदियाच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांवर ढीवर पहाटे दिसतील, पण ते संध्याकाळी लावलेलं जाळं काढायला आलेले असतात. त्यांना कुणी या वेळेचं सौंदर्य समजावून सांगू लागलं तर ते त्याच्याच हातात जाळ्याचं दुसरं टोक देतील. पार फिनलंडमध्ये लाउरी रापाला नावाच्या पोटार्थी मच्छीमाराने १९३६ साली बुचाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी चढवली आणि फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्याचं रोगण दिलं. तो मासा सोडला तर तरंगायचा आणि ओढला की लंगडत बुडी मारायचा. पुढे त्याच्या नावाची कंपनी जगभर पोचली. पण रापाला स्वतः तो मागे बांधून सरोवरात वल्ही मारत हिंडायचा. त्याला मुहूर्त परवडणारा नव्हता.

मुहूर्त परवडतो तो आपल्याला. सूर्योदयाच्या एक तास छत्तीस मिनिटं आधी सुरू होऊन अठ्ठेचाळीस मिनिटं चालणारा ब्राह्ममुहूर्त आपल्या पूर्वजांनी अध्ययन आणि चिंतन यांच्यासाठी राखून ठेवला. त्यात रबरी बेडकाची तरतूद नव्हती, पण मनाईही नव्हती, आणि या फटीतून आजवर पुष्कळ लोक पलीकडे गेले आहेत. लवकर उठणाऱ्याला ज्ञान, आरोग्य आणि संपत्ती अशी तिन्ही मिळतात हे ज्या समाजाने शाळेच्या भिंतींवर रंगवलं, त्या समाजात चारला उठलेल्या माणसाला तू उठून नेमकं काय केलंस असं विचारायची पद्धत नाही. उठलास ना, झालं. हा केवळ मराठी घरांतला भोळेपणा आहे असं समजायचं कारण नाही. गळाने मासे धरण्यावर इंग्रजीत पहिलं पुस्तक १४९६ साली छापलं गेलं. परंपरेने ते डेम ज्युलियाना बर्नर्स नावाच्या एका मठाधिकारिणीच्या नावावर आहे. त्यात गळ कसा वाकवावा, दोरा कुठल्या रंगात बुडवावा हे तर आहेच, पण या छंदाची शिफारस करताना पहाटे उठणारा माणूस पुण्यवान, निरोगी आणि सुखी होतो ही जुनी म्हणही तिथे कामाला लावली आहे. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीच हा माल माशाच्या नावावर नव्हे, पहाटेच्या नावावर खपवला जात होता. १६५३ सालचा आयझॅक वॉल्टन त्या मानाने सरळ माणूस. त्याने आपल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच हे चिंतनशील माणसाच्या करमणुकीचं पुस्तक आहे असं जाहीर करून टाकलं. करमणूक! आपल्याकडे एवढी कबुली द्यायला छाती लागते.

पण नुसती पहाट पुरत नाही. पहाटे उठून माणूस गळाला गांडूळ लावून काठावर बसला, तर उजाडल्यावर तो लोकांना बसलेलाच दिसतो, आणि बसलेला माणूस ही आपल्याकडे तक्रारीची बाब आहे. पाण्यावरच्या लुअरची खरी करामत इथे आहे. तो फेकावा लागतो, ओढावा लागतो, परत फेकावा लागतो. हा बेडूक जरा हातात घेऊन पाहा. आतून पोकळ, मऊ रबराचा, मागे रबरी झिरमिळ्यांचे दोन पाय, आणि पोटाखालून येऊन पाठीला चिकटलेला दुहेरी गळ, ज्याची टोकं अंगालगत अशी दडवलेली असतात की कमळाच्या पानांवरून, जलपर्णीच्या गचपणातून तो न अडकता सरकत येतो. मरळीने जबड्यात दाबला की अंग चेपतं आणि टोकं उघडी पडतात. दर पाच-सात फेकींनंतर त्याच्या पोटात पाणी शिरतं. मग त्याला वर उचलून, अंगठ्याने पोट दाबून, पिचकारी उडवून रिकामा करायचा आणि पुन्हा कामावर पाठवायचा. दोन झटके, थांबा. एक झटका, थांबा. पानांच्या मधल्या मोकळ्या पाण्यात आला की जास्त थांबा. पाहणाऱ्याला वाटतं, केवढा राबतोय! मनगट दुखतं, खांदा भरून येतो, घाम फुटतो. कष्टाची सगळी लक्षणं आहेत, फक्त काम नाही. आणि गांडुळांचा डबा दह्याच्या भांड्याशेजारी ठेवण्यावरून ज्या घरात महाभारत झालं असतं, तिथे हा पूर्ण शाकाहारी बेडूक देवघराखालच्या खणात सुखाने राहतो. या सगळ्याचा उगमही त्याला साजेसाच सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डोवाजॅक गावी, जेम्स हेडन नावाचा मधमाश्या पाळणारा गृहस्थ तळ्याकाठी कुणाची तरी वाट पाहत चाकूने लाकूड तासत बसला होता. तासून झालेला तुकडा त्याने सहज पाण्यात भिरकावला आणि एका बास माशाने त्यावर झडप घातली. पाण्यावरच्या लुअरचा मोठा उद्योग त्या तुकड्यापासून वाढला. त्या वेळी किती वाजले होते हे मात्र ही कथा सांगणारे कधी सांगत नाहीत.

यावर जाणकारांचा ठरलेला आक्षेप असतो: तुम्ही एकदा माशाचा तो घाव बघा, मग बोला. बेडूक थांबलेला असतो, मागे पाण्याला एक फुगवटा येतो, तो सरकत जवळ येतो, आणि मग पाणी फुटतं. अशा वेळी लगेच काठी खेचायची नाही, हा या विद्येतला सगळ्यात अवघड धडा. बेडूक दिसेनासा झाला, वजन हाताला लागलं, की मगच. तेवढा धीर धरणं माणसाच्या हाडात नसल्यामुळे बहुतेक वेळा रिकामा बेडूक सणसणत परत येतो आणि मागच्या बाभळीवर बसतो. हा थरार मी नाकारत नाही. खोल पाण्यात हिसका फक्त हाताला कळतो. इथे तो डोळ्यांसमोर घडतो, म्हणून पाण्यावरचं आमिष हे गळाच्या इतर प्रकारांपेक्षा श्रेष्ठ आहे असंही मी बिनदिक्कत म्हणेन. पण संध्याकाळी पाणी काय वेगळं फुटतं? बरं, थराराची आवड ही पुण्याची बाब आहे असा कुणाचा दावा असेल, तर त्याच हेडनच्या कंपनीच्या झारा स्पूककडे बघावं. हा बिडीच्या आकाराचा, कुठल्याही माशासारखा न दिसणारा तुकडा पाण्यावर डावी-उजवीकडे ठुमकत चालतो, आणि त्याचं नाव फ्लोरिडातल्या पेन्साकोला शहरातल्या झारागोझा या बदनाम रस्त्यावरून पडलं असं सांगतात. ब्राह्ममुहूर्तावर असली वस्तू हातात धरून उभं राहायचं आणि वर सदाचाराचं श्रेयही घ्यायचं, याला मी अप्रामाणिकपणा म्हणणार नाही. हिशेबातलं कसब म्हणेन.

दुसरा आक्षेप जरा गंभीर आहे: पहाट एकांतासाठी असते, संध्याकाळी तो मिळत नाही. हे बरोबर आहे, आणि माझ्याच बाजूचं आहे. संध्याकाळ ही घराची मालमत्ता असते; तिच्यावर दळण, गृहपाठ, शेजारच्यांकडचं हळदीकुंकू आणि दारात आलेला भाजीवाला यांचे हक्क आधीपासून नोंदलेले असतात. पहाटेवर कुणाचाच दावा नसतो. शिवाय पहाटेच्या अपयशाला साक्षीदार नसतो. संध्याकाळी काठावर चार टवाळ उभे असतात आणि प्रत्येक फेकीनंतर ‘काका, लागला का?’ असं विचारतात. सकाळी आठला रिकाम्या हाताने परतलेला माणूस मात्र ‘सोडून दिला’ एवढंच म्हणतो, आणि पर्यावरणाच्या खात्यावरही त्याच्या नावे चार पैसे जमा होतात. खरोखर सोडणारे आहेत, त्यांच्याविषयी मला आदर आहे. विशेषतः पिल्लांच्या लालसर घोळक्याला राखत फिरणारी मरळ दिसली की जे बेडूक गुंडाळून दुसऱ्या काठाला जातात, त्यांच्याविषयी. तिथे ती भुकेने नव्हे, पोरांच्या काळजीने अंगावर येते आणि हमखास लागते. तरी हात आवरणं हे पहाटे उठण्यापेक्षा किती तरी कठीण आहे.

आणि सगळ्यात मोठा लाभ तर घरी आल्यावर सुरू होतो. चारला उठलेला माणूस दुपारी जेवून आडवा झाला तर बायको टीव्हीचा आवाज कमी करते, पोरांना ‘बाबा पहाटे उठलेत’ म्हणून दटावते, आणि आलेला फोन बाहेर जाऊन घेते. अडीच तासांची ही झोप कुणी मोजत नाही. हाच माणूस आठला उठून दुपारी झोपला असता तर त्याच्या आळसाची चर्चा माहेरपर्यंत गेली असती. संध्याकाळी तळ्यावर जाणाऱ्याला असली कुठलीच सवलत नाही. तो बिचारा दोन किलोची मरळ घेऊन दारात उभा राहिला तरी त्याला आधी विचारतात, की येताना कोथिंबीर आणायला सांगितली होती, ती कुठाय.