मुदत कमी की हप्ता कमी?

गृहकर्ज मुदतीआधी फेडायला निघालेला माणूस ओळखायला सोपा. तुम्ही विचारायच्या आत तो सांगतो. लग्नाच्या पंगतीत सांगतो, मयताहून परतताना सांगतो, मोहोपाड्याच्या बाजारात भेंडी निवडता निवडता सांगतो. कुणी नुसतं "बाकी काय?" म्हणायचा अवकाश, मी बाकीचा आकडाच सांगतो, तोही पैशांपर्यंत बिनचूक. समोरच्याला खरं तर पाणी किती वाजता येतं ते विचारायचं असतं.

मी पूर्वी असा नव्हतो. 2021च्या सुरुवातीला 20 लाखांचं कर्ज घेतलं तेव्हा दर होता 7 टक्के, मुदत 20 वर्षं आणि हप्ता 15,506 रुपये. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 टक्क्यांवर शांत झोपला होता आणि मीही झोपत होतो. मग मे 2022 ते फेब्रुवारी 2023 एवढ्या काळात तो चढत चढत साडेसहावर गेला आणि त्याच्या शेपटीला बांधलेलं माझं कर्ज साडेनऊवर. एका रविवारी मी कॉम्प्युटरवर तक्ता मांडला. हप्ता होता तोच ठेवला, तर त्यातले पंधरा हजार दोनशेच्या आसपास नुसत्या व्याजात जात होते. मुद्दलाच्या वाट्याला तीनशे रुपये. या चालीने कर्ज फिटायला अजून 41 वर्षं! मी तेव्हा छत्तिशीत. म्हणजे घर माझं व्हायचं ते सत्त्याहत्तराव्या वर्षी, आणि तोवर आमचा धाकटा, जो त्या क्षणी पाळण्यात अंगठा चोखत होता, स्वतःच्या गृहकर्जाबद्दल लोकांना सांगत हिंडत असणार.

अर्थात बँक कुणालाच एवढी मुदत देत नाही. तिने रीतसर पत्र पाठवलं आणि हप्ता वाढवला. पण 41चा आकडा माझ्या डोक्यात बसला तो बसलाच.

त्या तक्त्यातून मला एक शोध लागला. माझं व्याज दिवसाला साधारण पाचशे रुपये होतं. रविवारीसुद्धा, गणपतीतसुद्धा, मी घोरत असतानासुद्धा. त्या दिवसापासून घरात येणारी प्रत्येक वस्तू मी दिवसांत मोजू लागलो. पिझ्झा म्हणजे एक दिवस. थोरलीच्या गॅदरिंगचा कोळिणीचा ड्रेस, भाडं नऊशे, म्हणजे पावणेदोन दिवस, आणि नाच अडीच मिनिटांचा. पाहुण्यांसाठी माझ्याकडे याहून वरच्या दर्जाचा सिद्धांत होता: आज पाचशेचा पिझ्झा न खाता ते पैसे कर्जात भरले, तर चक्रवाढीने शेवटच्या हप्त्यांतले सुमारे 2,700 रुपये कापले जातात. पाहुणे भारावून जात. निदान पिझ्झा मागवायचं तरी कुणी सुचवत नसे.

"मग आज आपण दोन पिझ्झे नको खाऊया," बायको म्हणाली. "पाच हजार वाचतील."

तिच्याबद्दल इथेच सांगून टाकतो. ती पाताळगंगेच्या एमआयडीसीत एका लॅबमध्ये नोकरी करते. तिचा पगार किराणा, शाळेची फी, दूध, गॅस आणि दवाखाना यांत जातो. माझा बँकेत. दोघांपैकी कौतुक मात्र फक्त बँकेत जाणाऱ्या पगाराचं होतं, आणि ते मीच करतो.

अंशतः परतफेडीचा पहिला चेक घेऊन शाखेत गेलो तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. फार अपेक्षा नव्हती. मॅनेजरनी खुर्चीतून अर्धवट उठावं, कुणीतरी पाणी विचारावं, एवढंच. काउंटरवरच्या मॅडमनी चेक उलटसुलट करून पाहिला आणि मान वर न करता विचारलं, "मुदत कमी की हप्ता कमी?"

या प्रश्नाची तयारी मी घरून करून गेलो होतो. हप्ता कमी केला की महिना सुखाचा जातो, मुदत कमी केली की व्याज मरतं. "मुदत!" मी म्हणालो, जरा मोठ्यानेच, मागच्या रांगेला ऐकू जावं म्हणून. मागे पेन्शनचे एक आजोबा होते. ते म्हणाले, "माझीही कमीच राहिलीय. जरा आटपा."

तरी मी हटलो नाही. "मॅडम, बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेचं 5 जून 2012चं परिपत्रक आहे."

"मागितलाय का कुणी तुमच्याकडे?" मॅडम म्हणाल्या आणि शिक्का मारला.

आता थोडं दामदुप्पटीबद्दल. थोडं म्हणतोय ते वाचकांच्या भल्यासाठी, कारण कंपनीच्या बसमध्ये हाच विषय मी दांड फाट्यापासून तळोज्यापर्यंत पुरवतो, आणि कळंबोलीला ट्रॅफिक लागला तर पुरवणीही काढतो. तर दामदुप्पट हा जुन्या हिंदू कायद्यातला नियम. सावकाराने एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. शंभर दिलेत, तर घ्यायचे जास्तीत जास्त दोनशे, मग मधे कितीही वर्षं लोटोत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हे आहे. धान्याला तिथे पाचपटीपर्यंत मोकळीक आहे, पण आमच्या सोसायटीत कुणी धान्य कर्जाऊ दिल्याचं ऐकिवात नाही. गंमत म्हणजे पुढे मुंबई इलाख्यातल्या ब्रिटिश कोर्टांनीही हा नियम मानला. विग घातलेला गोरा न्यायाधीश, त्याच्यापुढे हात जोडून उभा कर्जदार, आणि न्यायाधीश मनूचा आधार घेऊन सावकाराला म्हणतोय, बस झालं! हे चित्र मला इतकं आवडतं की बसमध्ये मी तो न्यायाधीश आवाजासकट करून दाखवतो.

आणि जिथे नियम कामी आला नाही, तिथे काय झालं? 12 मे 1875. पुणे जिल्ह्यातलं सुपे. शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांतली खतं, वह्या, रोखे बाहेर काढून त्यांची होळी केली. माणसांपेक्षा कागदांवर राग जास्त. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरलं, सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. हे सांगताना माझा आवाज आपोआप चढतो. मग लक्षात येतं की आपण दंगा करायचा ठरवला तरी जाळणार काय? माझं खत कुठल्याशा सर्व्हरवर आहे. फार तर बँकेचं ॲप अनइन्स्टॉल करता येईल, आणि तेही केलं की पासवर्ड नव्याने घ्यायला पुन्हा शाखेत जायला लागतं, त्या मॅडमसमोर.

असो. मुद्दा असा की साडेनऊ टक्क्यांनी 20 लाखांवर 20 वर्षांत व्याज होतं जवळजवळ पावणेपंचवीस लाख. मुद्दलाहून जास्त! मनूच्या नियमाचा उघड भंग! हा शोध मी बसमध्ये जाहीर केला तेव्हा पहिल्या पाळीची सगळी बस झोपली होती किंवा झोपेचं सोंग घेऊन होती. एक सहकारी मात्र जागा निघाला. त्याने नोकरी सांभाळून एलएलबी केलेलं आहे. डोळे न उघडताच तो म्हणाला, "दामदुप्पट थकलेल्या व्याजाला असते. तू दर महिन्याला भरतोस. भरलेलं त्यात धरत नाहीत. बँकांचे कायदे तर आणखी वेगळे. थकवलं असतंस तर निदान बोलायला काहीतरी तोंड होतं."

म्हणजे मनूपासून विगवाल्यापर्यंत सगळ्यांनी काळजी वाहिली ती थकवणाऱ्याची. पाच तारखेला हप्ता कटतो म्हणून चार तारखेला रात्री दोनदा बॅलन्स तपासणाऱ्यासाठी कुणी अर्धा श्लोक रचलेला नाही.

या सगळ्या मोहिमेत कुटुंबाने काहीच उपभोगलं नाही असा आरोप होतो. तो खोटा आहे. बायकोला लग्नापासून स्वित्झर्लंड पाहायचं होतं, 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' पाहिल्यापासून. मी तिला त्याच सिनेमाचं लोकेशन दाखवलं. आमच्या रसायनीच्या पुढचंच स्टेशन आपटा, शेवटचा धावत्या गाडीचा प्रसंग तिथलाच. जाताना घरून भेळ नेली. तिथल्या बाकावर बसून मी तिला समजावलं की त्या दोघांनी पहिल्या अर्ध्या सिनेमात सगळा युरोप पालथा घातला, पण जमलं कुठे? आपट्याला. बायकोने भेळेतला शेंगदाणा वेचून खाल्ला आणि विचारलं, "गाडी आली की मी पळत सुटू, की आधी तिकिटाचे दिवस मोजणार?"

मुलांवर संस्कार व्हावेत म्हणून परतफेडीचा तक्ता मी फ्रिजवर लावला होता. झाले. दिवाळीत आजीने दोघांना खाऊला पैसे दिले. धाकट्याने पहिल्याच दिवशी उडवले आणि थोरलीकडून वीस रुपये उसने घेतले. पुढे तो रोज तिला पाच-पाच रुपये देताना दिसायचा आणि तरी त्याचे वीस काही फिटेनात. शेवटी रडत माझ्याकडे आला. "बाबा, रेपो म्हणजे काय?" मी वही मागवली. वहीच्या शेवटच्या पानावर थोरलीने सुवाच्य अक्षरात रकाने आखले होते: तारीख, हप्ता, व्याज, मुद्दल. मुद्दलाचा रकाना वरपासून खालपर्यंत वीसच. "रेट वाढला," ती शांतपणे म्हणाली. मला खरं सांगायचं तर भरून आलं. दुसरीतली पोर आणि रकान्यात एक खाडाखोड नाही! मी धाकट्याला मांडीवर घेऊन मुदतीआधी फेडायचे फायदे समजावू लागलो, तेवढ्यात त्याच्या आईने वही ताब्यात घेतली आणि निवडणूक जवळ नसताना सरसकट कर्जमाफी जाहीर केली. वर थोरलीला सांगितलं, भावाकडून कुणी व्याज घेत नाही. आता व्याज बंद आहे. थोरली प्रक्रिया शुल्क घेते.

बसमध्ये आणखी एक सहकारी आहेत, त्यांचा जीव म्युच्युअल फंडात आहे. ते मला वर्षानुवर्षं सांगतात, "कर्ज चालू दे रे, करात सूट मिळते. बोनस एसआयपीत टाक, बारा टक्के सुटतात." करातल्या सुटीचं मला कळतं, नव्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाला ती मिळत नाही हेही कळतं. बारा टक्क्यांचं गणितही चूक म्हणवत नाही. पण ते बोलायला लागले की मी खिडकीबाहेर बघतो आणि खरोखर चिडतो.

मी एचओसीच्या वसाहतीत वाढलो. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स, स्थापना 1960, मालक भारत सरकार. आमच्या लहानपणी सूर्य एखाद दिवशी उशिरा उगवला असता, पण पगार नाही. वडिलांनी जन्मात कर्ज काढलं नाही, कारण गरजच नव्हती, क्वार्टर होतं. सरकारी कंपनी बंद पडते, असं वाक्यच कुणी ऐकलं नव्हतं. मे 2017मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचा कारखाना बंद करायला मंजुरी दिली. बरीचशी जमीन भारत पेट्रोलियमकडे गेली. रॉकेटच्या इंधनाला लागणाऱ्या नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा प्लांट तेवढा इस्रोकडे गेला. वसाहतीतली पोरं फार फार तर दुबईपर्यंत पोचली. त्याहून वर गेलं ते एवढंच.

वडील त्याआधीच निवृत्त झाले होते. पण त्यांच्या खात्यातल्या एका काकांची नोकरीची काही वर्षं उरली होती आणि पनवेलच्या फ्लॅटच्या कर्जाची त्याहून जास्त. ते संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसत. चहा घेत, क्रिकेटवर बोलत, मटार काय भावाने मिळाले ते सांगत. आणि निघताना, चप्पल घालता घालता, दर वेळी वडिलांना विचारत, "तुम्ही कर्ज काढलं नव्हतंत ना?" उत्तर त्यांना पाठ होतं. वडीलही दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगत, "नाही बुवा."

तो प्रश्न तक्त्यातल्या कुठल्या रकान्यात बसवायचा, ते बारा टक्केवाल्यांनी सांगावं. मग टाकतो बोनस एसआयपीत.

2025मध्ये रेपो दर पुन्हा उतरला, पण मी माझा हप्ता उतरू दिला नाही. आता बाकी इतकी खाली आलीय की तक्त्याचा कागद फ्रिजच्या दारावरून मावळून चुंबकाएवढा उरलाय. आणि हल्ली मला नवीनच स्वप्न पडतंय. कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांच्या आत बँकेने घराची मूळ कागदपत्रं परत द्यायची, नाहीतर तिच्यामुळे झालेल्या उशिरापोटी दिवसाला 5,000 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023पासून आहे. दिवसाला पाच हजार! इतकी वर्षं मी दिवसाला पाचशे मोजले, आता बँकेची पाळी. आमची फाइल एखाद्या कपाटामागे पडावी आणि वर्षभर सापडू नये, तर होतात 18 लाख 25 हजार. घेतलेलं कर्ज जवळजवळ परत. काल रात्री मी हे सगळं बायकोला आकड्यांसकट समजावलं. ती मुलांचे डबे धूत होती.

"बँक एक दिवसही उशीर करायची नाही," ती म्हणाली. "उशीर कागद घ्यायला होईल. तुम्ही काउंटरवर भाषण करत उभे राहाल, आणि मागे पेन्शनची रांग असेल."