चंद्रपूरकरालाही थंडी वाजते

चंद्रपूरच्या माणसाला पाहुण्यांपुढे मिरवायला मे महिन्याचा पारा पुरतो. प्रस्तुत लेखकही पुण्याच्या व्याह्यांना 47 अंश अशा थाटात सांगतो, की औष्णिक वीज केंद्र आणि सूर्य दोन्ही त्याच्याच देखरेखीखाली चालत असावेत. डिसेंबरात मात्र तो हवामानाचा विषय काढत नाही. तेव्हा तो गोधडीत असतो.

गोधडी पत्नीने शिवलेली. नातवंडांची आखूड झालेली फलालीनची झबली, लेखकाचा कोपरात विरलेला चौकड्यांचा शर्ट, शिंप्याकडच्या चिंध्या. खाली-वर जुने लुगडे आणि कडेपासून आत आत येणारा धावदोरा. फलालीन उबदार का, यावर लेखकाने घरात व्याख्यान दिले: कापडावर उठवलेल्या लवीत हवा अडकते, ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, वगैरे. पत्नीने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "बरं, आता सुईत दोरा ओवून द्या." तुकडे आधी धुऊन घ्यावेत, नाहीतर ते मागाहून आटतात आणि गोधडी चुरगळते, ही माहिती व्याख्यानात नव्हती. ती तिच्याकडे होती.

पण गोधडीचा कस लागतो तो नाटकात! दिवाळी झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक, आणि तेही उजाडेपर्यंत. 2023 साली पद्मश्री मिळालेले परशुराम खुणे याच रंगभूमीचे. त्यांच्या नावावर सुमारे 800 भूमिका आहेत. रंगमंचासमोर शेतात अख्खे गाव पांघरुणे घेऊन बसते. विनोदी नट आला की गोधड्या कमरेपर्यंत उतरतात, रडण्याचा प्रवेश आला की नाकापर्यंत चढतात. कंपनीच्या मालकाला नाटक चालले की पडले, हे यावरूनच कळत असणार. लेखक शहरी जाकीट घालून ऐटीत खुर्चीवर बसतो आणि दुसऱ्या अंकापर्यंत शेजारच्या अनोळखी आजीच्या गोधडीकडे बघू लागतो.

"घ्या ना जी भाऊ, पायावर घ्या थोडी," आजी म्हणते.

हीच गोधडी शहरातल्या प्रदर्शनात टांगली की हस्तकला होते. गावात धान कापून, सैपाक उरकून, कंदिलाएवढ्या उजेडात टाके घालणाऱ्या बाईला मात्र "रिकामी बसली होती, म्हणून शिवली" असे ऐकावे लागते. नाटकातल्या नटाला निदान टाळ्या मिळतात. या बाबतीत लेखकाचा विनोद आटतो.

तेव्हा, यंदा कुणाकडून गोधडी शिवून घेणार असाल, तर "कापड तर आमचंच आहे" म्हणून मजुरीत घासाघीस करू नका.