पाठीकडून नाजूक

कॅमेऱ्याच्या दुकानात संरक्षणाचं जे काही सामान मिळतं, ते सगळं एकाच समजुतीवर उभं असतं: संकट समोरून येतं. म्हणून पुढे झाकण, झाकणाच्या आत यूव्ही फिल्टर, फिल्टरवर हूड. मागच्या बाजूची वासलात एका उथळ, चपट्या झाकणात लागते. बहुतेक लेन्सना ते पुरतंही. ज्युपिटर-१२ घरात आणली की मात्र ही व्यवस्था उलटी होते.

ही ३५ मिमीची जुनी सोव्हिएत लेन्स. पुढून पाहिली तर अगदी गरीब. एका खोलगट ॲल्युमिनियमच्या कड्यात आत कुठेतरी इवलंसं भिंग बसलेलं, त्यावर धूळ जायलाही वाट वाकडी करावी लागते. उलटी केली की छातीत धस्स होतं. आट्यांच्या पलीकडे काचेचा भला थोरला फुगवटा बाहेर आलेला, आणि त्याला कडेने आधार असा जवळजवळ नाहीच. कुणीही सवयीने लेन्स टेबलावर जशी ठेवतो तशी ही ठेवली, तर ती थेट त्या काचेवरच उभी राहील. पाहुण्यांच्या हातात ही लेन्स देताना मी दोन्ही हात खाली ओंजळीसारखे धरून उभा असतो. पाहुण्यांना तो आदर वाटतो.

हिचं कूळ थोर आहे. लुडविग बेर्टेले यांनी १९३० च्या दशकात झाइसच्या काँटॅक्स कॅमेऱ्यासाठी बायोगॉन नावाची लेन्स रचली. महायुद्धानंतर भरपाई म्हणून जर्मनीतली यंत्रं आणि आराखडे सोव्हिएत संघात गेले आणि बायोगॉनची तिथे ज्युपिटर-१२ झाली. सहा भिंगं, चार गट, एफ/२.८, नाव बदललं तरी नाकडोळे तेच. काचेवर परावर्तन कमी करणारा लेप आहे हे सांगायला तोंडावर लाल रंगात एक रशियन 'П' छापलेला असतो. तेवढाच काय तो दागिना.

पाठीचा हा फुगवटा हौसेखातर आलेला नाही. बेर्टेले यांनी रचना केली ती रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी, म्हणजे ज्याच्या पोटात आरसा नसतो. आरसा नाही, तर मग मागचं भिंग फिल्मच्या थेट जवळ न्यायला कुणाची आडकाठी? झोर्की, फेड अशा कॅमेऱ्यांत लेन्स जिथे टेकते तिथून फिल्म २८.८ मिमीवर असते. त्या चिंचोळ्या जागेत ज्युपिटर-१२ खुशाल शिरून बसते, आणि सरळ रेषा कडेपर्यंत सरळच राहतात. पुढे एसएलआर कॅमेरे आले, मध्ये हलणारा आरसा आला आणि वाइड लेन्सना मागे सरावं लागलं. १९५० मध्ये आन्जेन्यू यांची रेट्रोफोकस लेन्स आली. तिने आरशाला जागा सोडली, पण बदल्यात पुढचं भिंग मोठं करून घेतलं. तेव्हापासून लेन्सचं वैभव समोर दिसू लागलं. संकट समोरून येतं ही समजूत तेव्हाच पक्की झाली असावी, असा माझा संशय आहे. पुरावा मागू नये.

मुळात अशा लेन्स कारखान्यातून प्लॅस्टिकच्या डबीत यायच्या. डबीच्या बुडाला आटे असत, लेन्स त्यात फिरवून बसवायची, वरून टोपण. कल्पना इतकी सरळ की कुणी ती चालू ठेवली नाही. आज ती डबी लेन्सबरोबर मिळालीच तर तडकलेली मिळते. मग डबीसाठी वणवण. तुळशीबागेत एका दुकानदाराने डब्यांची चळतच समोर मांडली.

"काय ठेवायचंय, काका?"

"काचेची वस्तू आहे. खालून फुगीर."

"देवाची का?"

"नाही हो, कॅमेऱ्याची."

"मग कॅमेऱ्याच्या दुकानात जा की!"

कॅमेऱ्याच्या दुकानातून मी आधीच जाऊन आलो होतो. तिथल्या मुलाने एक गुबगुबीत पाऊच दाखवला होता, आत कप्पे, बाहेर दुहेरी चेन. लेन्सचं वजन दीडशे ग्रॅमसुद्धा भरत नाही. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

शेवटी जाड बुडाची, फिरकीच्या झाकणाची एक डबी मिळाली. आत फोमचं कडं कापून बसवलं, म्हणजे लेन्स कडेवर टेकते आणि काच अधांतरी राहते. सगळी युक्ती त्या अधांतरी राहण्यात आहे. लोक काचेखाली मऊ काहीतरी घालायला जातात. आमच्या काकूंनी मायेने बाळाचं लोकरीचं टोपडं देऊ केलं होतं. रंग पिस्ता, वर गोंडा. लेन्स त्यात झोपलेली गोड दिसत होती यात वाद नाही, पण लोकरीचे तंतू काचेवर असे चिकटतात की ते काढताना काचेचीच परीक्षा. त्यापेक्षा जुन्या धोतराचं मऊसूत, पुष्कळदा धुतलेलं फडकं बरं, तेही फक्त वरून.

मेट्रोच्या तपासणीत बॅगेतली ही डबी हमखास बाहेर काढायला लावतात. उघडल्यावर आतून एक मोठा काचेचा डोळा वर बघतो. तपासणारा काही क्षण त्या डोळ्याकडे बघतो, मग माझ्याकडे. "लेन्स आहे" म्हटलं तर तो म्हणतो, "एवढी?" पुढून दाखवली तर म्हणतो, "एवढीशी?"

डबीचं दुखणं वेगळंच आहे. जून उजाडला की हवाबंद अंधार बुरशीला माहेरासारखा वाटतो, आणि एकदा तिचं जाळं काचेवर पसरलं की ती लेपावर वळ ठेवूनच जाते. चामड्याची जुनी केस त्याहून वाईट, कारण चामडं ओल धरून ठेवतं. म्हणून डबीत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांना कढईत मंद आचेवर गरम करायचं, पुन्हा निळे होईपर्यंत. त्यासाठी एक कढई कायमची बाजूला काढावी लागते, आणि ती कोणती यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. "अहो, ती माझी पोह्यांची आहे" हे वाक्य दर पावसाळ्यात येतं.

हे सगळं करून झाल्यावर लक्षात येतं की या लेन्सला सर्वांत सुरक्षित जागा एकच: कॅमेरा. एकदा आट्यांवर फिरवून बसवली की तो नाजूक फुगवटा धातूच्या पेटीत जातो आणि बाहेर उरतं ते दणकट, कुणाच्याही नजरेत न भरणारं तोंड. फक्त बसवताना काच शटरच्या पडद्याला किंवा कडेला लागणार नाही एवढं बघायचं, घाई करायची नाही. मग खुशाल गळ्यात अडकवून फिरा. उजेड मिळतो, वारा लागतो, बुरशीचाही विरस होतो. ॲपर्चरचा आकडा बदलायची कडी मात्र समोरच्या खळग्यात आहे. तिथे दोन बोटं घालताना फोकस हलतो आणि काचेवर ठसाही उमटतो, पण तो पुसता येतो.

आता राहिलं पुढचं झाकण. ४०.५ मिमीचं साधं प्लॅस्टिकचं मिळतं, आणि सोफ्याखाली त्याची तीन भावंडं आधीच आहेत.