गडग्यावरचा ट्रान्स्फर बाजार

नानांनी सकाळी सातच्या सुमारास गुरप्रीत सिंग संधूला एफसी गोव्यात घेऊन टाकलं. करार दोन वर्षांचा, राहायची सोय दोनापावलाला, पगाराचं काय ते क्लब बघून घेईल. बंगळूरूवाले त्याला सोडतील का, त्याला स्वतःला यायचंय का, असले किरकोळ प्रश्न त्यांना पडत नाहीत. हातात पाण्याची नळी होती आणि पाणी पोफळीच्या मुळात कमी, स्वतःच्या चपलांवर जास्त पडत होतं. म्हणजे विषय गंभीर होता.

फोंड्याला आमच्या नि नानांच्या परसांच्या मध्ये जांभ्या दगडाचा कमरेइतका गडगा आहे. त्याच गडग्याच्या कोपऱ्याला मागच्या घरातल्या वहिनींचं परस येऊन मिळतं. वहिनी माहेरच्या दादरच्या. गोव्यात येऊन त्यांना जमाना झाला. उकड्या तांदळाचा भात, सोलकढी, चवथीची माटोळी, सगळं त्यांनी आपलंसं केलं. संघ मात्र बदलला नाही. आमच्या आळीत मुंबई सिटीचा निळा शर्ट वाळत घालणारं तेवढं एकच घर.

"बाय, ऐकलंस? यंदा गुरप्रीत घेऊया."

"घेऊया म्हणजे? भाजी आहे का ती, टोपलीत टाकायला?"

"अगं, युरोपा लीगमध्ये खेळलेला पहिला भारतीय. नॉर्वेच्या स्टाबेककडून, २०१६ साली. साडेसहा फुटांच्या आसपास उंची. नुसता हात वर केला तरी बार झाकतो."

"२०१६ ला किती वर्षं झाली, नाना? जन्म बाण्णवचा आहे त्याचा."

"गोली माडासारखा असतो. जुना झाला म्हणून नारळ द्यायचा थांबत नाही."

माडावरून आठवलं म्हणून त्यांनी वर पाहिलं, पाडेली अजून आला नाही म्हणून दोन शिव्या दिल्या आणि परत गुरप्रीतवर आले. खरं कारण उंचीबिंची नव्हतंच. खरं कारण १७ मार्च २०१९. अंधेरीच्या मैदानावर फुटबॉलच्या आयएसएलची फायनल, समोर बंगळूरू. त्याच संध्याकाळी पर्रीकर गेल्याची बातमी आली. इथे घराघरात एक डोळा सामन्यावर नि एक बातमीपट्टीवर. गोल कुणाचाच होईना. एक्स्ट्रा टाइम सुरू झाला, तोही संपत आला, आणि ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर राहुल भेकेने हेडर मारला. मुंबईचं पोर. एक शून्य. खेळ खलास.

"मग भेकेला घ्या की! गोल त्याने मारला," वहिनी म्हणाल्या. मुंबईचं पोर म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जरा उजेड पडतोच.

"पलीकडच्या गोलात कोण उभा होता? गुरप्रीत. आमच्याकडे कोरो होता, ज्याला गोल मारायची खोड होती, त्यालासुद्धा काही करता आलं नाही. म्हणून मला तो पाहिजे."

मला वाटतं, गोली निवडायची आम्हा लोकांची हीच एक रीत आहे. ज्याने आपल्याला छळलं तो विकत आणायचा. हाताची पकड, गोललाइन सोडून पुढे यायची वेळ, पायाने दिलेला पास, हे सगळं प्रशिक्षकाने बघावं. आमच्या डोक्यात एकेक जुनी संध्याकाळ रुतून बसलेली असते आणि ती पुसायला माणूस हवा असतो.

वहिनींचा उमेदवार विशाल कैथ. मूळ हिमाचलचा. बालेवाडीला एफसी पुणे सिटीकडून खेळायचा, तेव्हा माहेरची मंडळी पुण्याला गेली की वहिनी सामन्याला जात. "तेव्हाच म्हटलं होतं, पोरगा शांत आहे. मग २०१९ मध्ये तो क्लबच बंद पडला, त्याची जागा हैदराबादने घेतली, आणि आमचं पुणं बसलं हात चोळत. आणि नाना, तुमचा गुरप्रीत नि माझा कैथ समोरासमोर आले होते, आठवतंय? २०२३ ची फायनल. तुमच्याच फातोर्ड्यावर."

नाना नळीचं तोंड बघू लागले.

"दोन-दोन बरोबरी, पेनल्ट्या. कैथने अडवली आणि बागान जिंकलं. साडेसहा फुटांचं काय झालं?"

"पेनल्टी म्हणजे नशीब," नाना म्हणाले. गुरप्रीतने अडवली असती तर ती कसब ठरली असती, हे तिघांनाही ठाऊक होतं.

पण वहिनींच्या उमेदवारालाही मोहन बागानकडून उचलून आणणं म्हणजे बोलाचीच कढी. तिथे खिसा मोठा. आणि गोलीचा बाजार मुळात अरुंद. पहिल्या मोसमात, २०१४ साली, गोव्याच्या गोलात यान सेडा हा चेक माणूस होता. केरळच्या गोलात तर खुद्द डेव्हिड जेम्स, चाळिशी ओलांडलेला इंग्लंडचा माजी कीपर, वर संघाचा मॅनेजरही तोच. ते दिवस गेले. आता मैदानावर एका वेळी परदेशी चारच चालतात, आणि त्यातली एक जागा हातमोजे घालणाऱ्यावर कोण उधळेल? ती गोल मारणाऱ्याला जाते. मग सगळ्या क्लबांनी मिळून त्याच पाच-सहा भारतीय नावांमागे धावायचं. एक हलला की चार हलतात. मुंबई सिटीला २०२०-२१ मध्ये शील्ड आणि चषक दोन्ही जिंकून देणारा कप्तान अमरिंदर सिंग लगेच पुढच्या मोसमात बागानला गेला, तेव्हा वहिनींनी दोन दिवस निळा शर्ट दोरीवर दिसू दिला नव्हता.

"बाहेरचे कशाला?" नानांनी एकाएकी मोहरा फिरवला. गुरप्रीत पंजाबचा, हे तेवढ्यात विसरले. "ज्या गोव्याने ब्रह्मानंद दिला त्या गोव्याने सिक्कीम-मणिपूर पालथं घालत फिरायचं?"

ब्रह्मानंद शंखवाळकर म्हटलं की नाना नळी बंद करतात. ताळगावचा माणूस. साळगावकरच्या गोलात उभा राहिला तो वर्षानुवर्षं हललाच नाही. भारताचा कप्तान झाला. १९८३ साली गोव्याला बंगालबरोबर वाटून संतोष ट्रॉफी मिळाली, १९८४ साली एकट्याला. अर्जुन पुरस्कार मिळाला, २०२२ साली पद्मश्रीही मिळाली. ती बातमी आली त्या दिवशी नानांनी आम्हाला पेढे दिले होते, जणू पुरस्कार त्यांच्याच घरात आला. "बॉक्समध्ये तो ओरडला की आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं," असं ते सांगतात. फातोर्ड्यापासून फोंडा किती लांब ते त्यांना विचारायचं नसतं.

"घरचाच हवा ना? मग घरचा होता की तुमच्याकडे," वहिनी म्हणाल्या. आवाज मुद्दाम खाली आणलेला. "लक्ष्मीकांत."

हे नाव निघणार हे मला गुरप्रीतच्या वेळीच कळलं होतं. आमच्याकडे गोलीची चर्चा कुठूनही सुरू होवो, ती २० डिसेंबर २०१५ वरून गेल्याशिवाय घरी येत नाही. फातोर्डा, आयएसएलची फायनल, चेन्नईयिनविरुद्ध. मैदान केशरी. नाना स्वतः स्टँडात. गोलात लक्ष्मीकांत कट्टीमणी, धेंपो क्लबातून आलेला, आपला माणूस. त्या दिवशी त्याने पेनल्टीसुद्धा अडवली होती. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेची फ्री किक जाळ्यात गेली आणि गोवा दोन-एक पुढे. नाना सांगतात, पुढच्या रांगेतल्या एकाने चषक कुठल्या रस्त्याने मिरवायचा ते ठरवायला सुरुवात केली होती. ९० व्या मिनिटाला स्वगोल. नाव लागलं लक्ष्मीकांतचं. दोन-दोन. अजून कुणी डोक्यावरचा हात काढला नव्हता तोच मेंडोझाने तिसरा मारला. पाच मिनिटांत मिरवणूक संपली.

"गोली खाली बसला होता," नाना म्हणाले. "गुडघ्यांत डोकं. माझ्या शेजारचा त्याला नाही नाही ते बोलत होता. मीसुद्धा बोललो."

"आणि २०२२?" वहिनी.

"ते माहीत आहे मला."

"भावोजींना सांगा ना."

मलाही माहीत होतं, पण वहिनींना सांगायची हौस होती. लक्ष्मीकांत गोवा सोडून २०१९ मध्ये हैदराबादला गेला. तिथे त्याला मानोलो मार्केस हा प्रशिक्षक भेटला. मार्च २०२२ मध्ये फायनल आली ती पुन्हा फातोर्ड्यालाच. समोर केरळ ब्लास्टर्स. कोविडनंतर स्टँड उघडले होते आणि केरळहून आलेल्या लोकांनी ते पिवळे करून टाकले होते. एक-एक बरोबरी, मग पेनल्ट्या. लक्ष्मीकांतने तीन अडवल्या. तीन! हैदराबाद चॅम्पियन. ज्या मैदानावर तो गुडघ्यांत डोकं घालून बसला होता त्याच मैदानावर त्याला लोकांनी खांद्यावर घेतलं, फक्त ते लोक आपले नव्हते.

"मी टाळ्या वाजवल्या त्या रात्री," नाना म्हणाले.

"ऐकू नाही आल्या."

"दार लावून घेतलं होतं."

पुढे मानोलो इकडे आला आणि लक्ष्मीकांतही घरी परतला, पण तोवर पस्तिशी गाठलेली. चांगला गोली आपल्याकडे असतो तेव्हा आपण त्याच्या चुका मोजतो आणि गेला की अडवलेल्या पेनल्ट्या मोजतो. स्ट्रायकरने पाच संधी घालवून सहावीला गोल मारला की त्याच्या नावाची गाणी होतात. गोलीने पाच अडवून सहावा सोडला की शेजारचा शिव्या देतो, आणि आपणही देतो.

नाना गप्प झाल्यावर वहिनींना राहवेना. जखम ताजी असली की त्यांना मीठ सापडतं. "बरं, ते बांबोळीचं सांगू का?"

"नको."

"८ मार्च २०२१. सेमीफायनल. तुम्ही आणि आम्ही."

ती मॅच आम्ही तिघांनी तीन घरांत पाहिली. कोविडमुळे सगळा मोसमच गोव्यात, तोही रिकाम्या मैदानांवर. दुसऱ्या लेगमध्ये गोलच नाही, एक्स्ट्रा टाइममध्येही नाही. पेनल्ट्या दिसायला लागल्या तसं दोन्ही बाकांवर हालचाल सुरू झाली. गोव्याने धीरज सिंगला बाहेर काढून नवीन कुमारला आत पाठवलं. मुंबईने अमरिंदरला, आपल्या कप्तानाला, बाहेर काढलं आणि फुर्बा लाचेन्पाला आणलं. सिक्कीमचा पोरगा. दोन तास घाम गाळून उभे होते ते बाकावर, आणि अजून अंगही न तापलेले दोघे गोलात. मी तेव्हा चहाचा कप हातात धरून उभा होतो आणि बसायचं विसरलो होतो. एक मारतो, एक घालवतो. पाच झाल्या तरी निकाल नाही. शेवटी सहा-पाच. निकाल लावणारी किक रॉलिन बोर्जेसची.

"गोव्याचाच," नाना पुटपुटले.

"निळ्या शर्टातला," वहिनींनी दुरुस्ती केली. "पाच दिवसांनी फायनलही आम्हीच जिंकलो. कुठे? फातोर्ड्यावर."

"सात-शून्य विसरलीस वाटतं? नोव्हेंबर २०१५?"

"आणि तुम्ही २०२४ विसरलात? नव्वदाव्या मिनिटापर्यंत दोन-शून्य पुढे होतात. मग तीन गोल. मैदान तेच."

इथे मी मध्ये पडलो, कारण आकडे सुरू झाले की दुपारपर्यंत चालतात. म्हटलं, मुळात नवा गोली हवाच कशाला? डिसेंबर २०२५ मध्ये गोव्याने ईस्ट बंगालला पेनल्ट्यांवरच हरवून सुपर कप घरी आणला. क्लबमध्येच वाढलेला हृतिक तिवारी आहे. पोराला उभं राहू द्या की जरा.

दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी गडग्याचा दगड काढून नेतोय.

"हृतिक आहेच," नाना म्हणाले. "पण दुसरा? बांबोळीला काय झालं ते आत्ताच ऐकलंस ना? वेळ येते तेव्हा दुसराच उभा असतो. सगळे पहिल्याची चर्चा करतात. दुसरा कोण आहे ते जाहीर होतं तेव्हा कुणी पेपरसुद्धा उघडत नाही."

सकाळपासून नाना बोलले त्यात हे एक वाक्य मला पटलं. दुसरा गोली म्हणजे विचित्रच नोकरी. आठवडाभर पहिल्याइतकाच घाम गाळायचा, शनिवारी बाकावर जॅकेट घालून बसायचं, आणि अख्ख्या मोसमात कधीतरी दोन मिनिटांच्या सूचनेवर आत जाऊन सगळ्या गावाची अब्रू राखायची. चांगला असेल तर बाकावर टिकत नाही आणि टिकला तर चांगला आहे की नाही हे कळत नाही. धीरजकडे बघा. २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळलेला, एप्रिल २०२१ मध्ये आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये अल रय्यानसारख्यांना शून्यावर रोखणाऱ्या गोव्याच्या गोलात उभा असलेला. त्याचाच नंबर अवघ्या महिनाभर आधी बांबोळीत पेनल्ट्यांपूर्वी काढून घेतला होता.

नानांनी नळी पुन्हा सुरू केली, थोडा वेळ पोफळीला खरोखरच पाणी घातलं, आणि मग अगदी सहज विचारतोय असं दाखवत म्हणाले, "बाय, तो फुर्बा कसा आहे गं आता?"

"कसा म्हणजे? छान आहे. का?"

"नाही, म्हटलं, एका मोसमापुरता. लोनवर."

वहिनींनी वाळत घातलेली आमसुलं गोळा करून सूप काखेला मारलं.

"नाना, शिगम्याच्या आधी तुम्ही आमची शिडी लोनवर नेलीत. ती आधी गडग्याच्या या बाजूला येऊ दे. मग फुर्बाचं बघू."